ड्रिताबाईंची बहीण

ॲन आर्बर,
१६ ऑक्टोबर १९८३

प्रिय सुमेधा,

परवा फोनवर तू विचारलंस, परिषद तीन दिवसांत संपली, मग रोममध्ये आणखी आठवडाभर काय करत होतास? मी म्हटलं, फिरत होतो. ते खोटं होतं. मी अल्बानियाला गेलो होतो.

ग्रीसच्या वर, इटलीच्या समोर, एवढासा देश आहे बघ. कम्युनिस्ट, पण रशियाशी भांडला, मग चीनशीही भांडला, आणि आता दार लावून बसलाय. देवाधर्माला बंदी. स्वतःची मोटार कुणाकडेच नाही. शेतांत, रस्त्याकडेला, जिकडेतिकडे शत्रूची वाट बघणाऱ्या काँक्रीटच्या बुटक्या घुमट्या. सरहद्दीवर न्हाव्याने माझी दाढी उतरवली. दाढीवाल्याला आत घेत नाहीत!

गेलो ते ड्रिताबाईंसाठी. माझ्या घरमालकीण. पहिल्या हिवाळ्यात मी न्यूमोनियाने पडलो तेव्हा त्यांनीच मला सूप भरवलं, हे तुला लिहिलं होतं. त्या मूळच्या तिथल्या. अठ्ठेचाळीस साली डोंगर ओलांडून पळाल्या. धाकटी बहीण लिरी मागे राहिली. पस्तीस वर्षांत एक ओळ नाही. गेल्या वर्षी कुणाकडून तरी कळलं, श्कोदर गावी गालिच्यांच्या कारखान्यात लिरी आहे, निदान होती. ड्रिताबाई आता अमेरिकन नागरिक, त्यांना व्हिसा मिळत नाही. माझा पासपोर्ट भारतीय. त्यांनी गळ घातली नाही हं, मीच म्हटलं, इटालियन प्रवाशांबरोबर जातो. त्यांची अट एकच होती. "तिच्याशी माझ्याबद्दल अक्षर बोलू नकोस. पळालेल्यांच्या नातलगांना घरादारासकट हाकलून देतात. नुसतं बघून ये."

कारखाना प्रवाशांना दाखवतातच. तिसऱ्या मागावर एक बाई होती, डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग. ड्रिताबाईंनी सांगितलेला, तोच. मी आमच्या गाइडला सहज विचारल्यासारखं केलं, "या किती वर्षं आहेत इथे?"

तो खूश झाला. "तीस! दोन मुलगे, एक शिक्षक आहे."

"नातवंडं?"

त्याने तिला विचारलं. ती हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली. "एक नात, तेरा वर्षांची. ड्रिता." मग तो छाती काढून म्हणाला, "ड्रिता म्हणजे प्रकाश! त्या वर्षी आमच्या शेवटच्या खेड्यात वीज पोहोचली, म्हणून हे नाव."

लिरी खाली मान घालून गाठी मारत राहिली. मी पुढच्या मागाकडे गेलो. तिला काही कळलं का, कुणास ठाऊक.

इथे येऊन सांगितलं, तर ड्रिताबाई आधी खो खो हसल्या. "विजेसाठी म्हणे!" मग पायरीवर जाऊन बसल्या. तिथूनच म्हणाल्या, "माझं नाव रोज घेते रे ती. सगळ्यांदेखत."

सुमेधा, निघताना इथल्या माझ्या मित्राकडे, रवीकडे, तुझ्या नावाचं एक पाकीट ठेवलं होतं. मी परत आलो नाही तर पाठव, म्हटलं होतं. लग्नाला सहा महिने झालेल्या बायकोला न सांगता गेलो, त्याची माफी होती त्यात, दुसरं काही नाही. काल ते परत घेतलं आणि फाडलं. माफी मात्र मागायची राहिलीच होती, आणि ती जिवंत माणसाने मागितलेली बरी. म्हणून हे पत्र. मनसोक्त रागाव. पण व्हिसा मिळाला की लवकर ये.

तुझाच,
श्रीरंग