मंदाकिनीची परात

मी, सदानंद वासुदेव धारप, वय सहासष्ट, मूळ राहणार चिंचवड, सध्या राहणार तुबली, बहरीन, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. शरीराला मधुमेहाखेरीज तक्रार नाही. मन ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. गेल्या संक्रांतीपासून मला स्वतःला त्याची तितकीशी खात्री वाटत नाही, पण कायद्याला डॉक्टरांचा शब्द पुरतो.

वकिलांनी इंग्रजी प्रत वेगळी केली आहे. तीत कोणाला काय, एवढेच आहे. ही प्रत घरच्यांसाठी. मला ज्याची लाज वाटते ते इंग्रजीत लिहिता आले नाही.

१. चिंचवडचा फ्लॅट, बँकांतील ठेवी आणि कंपनीकडून मिळायची असलेली रक्कम माझी पत्नी सुनीता हिला मिळावी. आमचा मुलगा सुयश टोरांटोला सुखात आहे. त्याची हरकत नाही. फोनवर विचारले तेव्हा तो म्हणाला, "ऑफ कोर्स, बाबा. जस्ट डोन्ट लीव्ह मी द जंक."

२. तर आता त्या जंकविषयी.

हिवाळा सुरू झाला की इथल्या परदेशी लोकांच्या कंपाउंडांत शुक्रवारी सकाळी सेल लागतात. नोकरी संपवून मायदेशी निघालेली माणसे उभा संसार हिरवळीवर मांडतात आणि मिळेल त्या भावाला देऊन टाकतात. पंचवीसेक वर्षे मी एकही शुक्रवार सोडला नाही. इतर नवरे सुट्टीच्या दिवशी लोळतात, मी टॉर्च घेऊन लोकांच्या गॅरेजात वाकलेला असे. पितळी स्टो, कल्हईची भांडी, चावीची घड्याळे, इनॅमलचे डबे, व्हॉल्व्हचे रेडिओ. दोन खोल्या, पॅसेज, बाल्कनी आणि सुनीताच्या ओट्याचा अर्धा भाग त्यांनी व्यापला आहे. मी याला संग्रह म्हणत आलो. सुनीता पाहुण्यांसमोर संग्रह म्हणते. एरवी ती काहीच म्हणत नसे, आणि ती काही म्हणत नाही म्हणजे तिला आवडते, असा सोयीचा अर्थ मी काढला होता.

३. पितळी स्टो, टाकीच्या खालच्या अंगाला झाळलेला, म्हणजे कथलाने सांधलेला. याच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण इथल्या मराठी मंडळातले लोक माझ्यामागे ही गोष्ट सांगणारच. निदान ती नीट सांगावी.

गेल्या जानेवारीत एका शाळेच्या मैदानावर सेल होता. आमच्या वरच्या मजल्यावरची अँजेला, वसईची, इथे हॉस्पिटलात नर्स आहे, तिने तिथे टेबल लावले होते. टेबलावर हा स्टो होता. माझा हात लगेच त्याच्यावर गेला.

अँजेला म्हणाली, "अंकल, सोडा ना. तुमच्याकडे असे किती आहेत!"

"असा नाही," मी म्हणालो. मग स्टो उलटा करून तिला झाळकाम दाखवले. "हे बघ. काय सफाई आहे! असा कारागीर आता औषधालाही मिळायचा नाही."

तिचा नवरा पीटर एकदम खोकायला लागला आणि पाणी आणतो म्हणून गेला. अँजेला मान खाली घालून म्हणाली, "तसाच घेऊन जा, अंकल. पैसे नको." मी पक्का व्यवहारी. फुकट काही घेत नाही म्हणून घासाघीस करून तिला पैसे दिले, आणि वर सांगितले की सुनीता बघतच राहील.

सुनीता खरेच बघत राहिली. मग म्हणाली, "चहा टाकू का?"

त्यानंतर मंडळाचा तिळगूळ समारंभ होता. मला दरवर्षी दहा मिनिटे मिळतात, जुन्या वस्तूंवर बोलायला. मी स्टो टेबलावर ठेवला आणि तो कसा पारखला ते रंगवून सांगितले. झाळकामाशी आलो तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मुलीने, आर्याने, हात वर केला. "काका, लास्ट इयर पण हाच होता ना?" तिच्या फोनमध्ये फोटो होता. मी, स्टो आणि तीच झाळ. गेल्या वर्षी मी सांगितले होते की ती मी स्वतः आमच्या कंपनीच्या तुबलीच्या वर्कशॉपमध्ये केली.

सभागृह हसले. चांगली माणसे आहेत, वाईट हेतूने कोणी हसले नाही. मीही हसलो. माझी पारख, माझी नजर, ज्या बळावर मी चारचौघांत मिरवत होतो, तिला माझ्याच हातचे काम ओळखता आले नव्हते. कान इतके तापले की वाटले लोकांना दिसत असतील. एकटी सुनीता हसली नाही.

गाडीत ती म्हणाली, "मीच दिला होता अँजेलाला. विकून टाक म्हटलं."

"मला न विचारता?"

"तो नाहीये हे तुम्हाला दोन महिने कळलं नाही. विचारायचं कोणाला?"

मग सीफच्या सिग्नलला थांबलो होतो तेव्हा, समोर बघत, भांडणाचा सूर अजिबात न लावता ती म्हणाली, "अहो, आपल्या घरात माझ्या नावाचं एक भांडं दाखवा."

घरी येऊन मी शोधले. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात. कोणाकडून, कोणाला, कशानिमित्त. माझ्या घरात नावांना तोटा नव्हता. डब्यावर कोणा इंग्रजाची आद्याक्षरे, सुरईवर अरबी नाव, तांब्यावर कोणाच्या तरी वडिलांचे स्मरण. आणि ज्या परातीत सुनीता रोज कणीक मळते तिच्या काठावर: "चि. सौ. कां. मंदाकिनी हिस आईकडून." देश सोडून गेलेल्या कोणा मराठी कुटुंबाच्या सेलमध्ये ती मला मिळाली होती. सुयश लहानपणी विचारायचा, "मंदाकिनी आजी कुठे राहते?" आम्ही पोट धरून हसायचो. म्हणजे मी हसायचो.

सुनीताचे नाव कुठेही नव्हते.

४. माझ्या धाकट्या भावाला बंद पडलेले लंबकाचे घड्याळ द्यावे. सुनीताच्या लग्नातली, तिच्या आईने नाव घालून दिलेली भांडी विमानात नेता येईनात म्हणून त्याच्या माळ्यावर ठेवली होती आणि त्याने ती मोडीत घातली, असे मी आजवर सर्वांना सांगत आलो. त्याने आधी फोन करून विचारले होते. "देऊन टाक, इथे ढीग आहे," असे मी म्हणालो होतो. तेव्हा मी नुकताच कुठूनसा एक समोवार, चहाचे पाणी तापवायचे रशियन भांडे, आणला होता आणि त्याच नादात होतो. भावाशी मी त्यावरून अबोला धरला, तो मोडतो आहे. घड्याळ दुरुस्त होण्यासारखे आहे.

५. सर्व रेडिओ मुहर्रकच्या जुन्या बाजारातल्या ताहिरला द्यावेत. एकही वाजत नाही. एकदा एका सेलमध्ये मी पैसे काढेपर्यंत त्याने माझ्या हाताखालचा इनॅमलचा टिफिन उचलला आणि म्हणाला, "धारपसाब, हाथ लगाने से माल अपना नहीं होता." याचा राग मी फार वर्षे धरून होतो. आता त्याचे म्हणणे पटते, तरीही रेडिओ त्यालाच द्यावेत.

६. माझी हत्यारे तुबलीच्या वर्कशॉपमध्ये पोचवावीत. यात भांड्यावर नाव घालायचे विजेचे यंत्र धरू नये. ते मंडळाला द्यावे. याच यंत्राने मी मंडळातल्या कितीतरी लग्नांची, मुंजींची, बारशांची भांडी कोरून दिली. लोक म्हणत, धारपांचे अक्षर मोत्यासारखे. ते यंत्र असायचे स्वयंपाकघरातल्या कपाटात, मिठाच्या बरणीच्या वरच्या फळीवर. सुनीता रोज ते कपाट उघडत होती.

७. उरलेल्या सगळ्याचा सेल करावा. शुक्रवारी, सकाळी सात वाजता, आमच्या इमारतीच्या अंगणात. सुनीताने तिथे बसू नये. तिने कुठेतरी छान नाश्ता करायला जावे. भाव पाडणाऱ्यांना भाव पाडू द्यावा. स्टो विकण्यापूर्वी मी खरोखर मेलो आहे याची खात्री करून घ्यावी.

अँजेलाने आणि पीटरने साक्षीदार व्हायचे कबूल केले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून अँजेलाची फक्त माफी मागतो. माझी लाज झाकायला ती स्टो फुकट द्यायला निघाली होती आणि मी घासाघीस करत होतो.

८. मंदाकिनीची परात सेलमध्ये ठेवावी, पण घेणाऱ्याला काठावरचे नाव वाचता आले तर त्याच्याकडून पैसे घेऊ नयेत.

९. गेल्या आठवड्यात मी मनामातल्या एका दुकानात गेलो आणि एक परात विकत घेतली. नवी, खोक्यातली, किमतीचे लेबल लावलेली. घासाघीस केली नाही. कशी करतात तेच क्षणभर आठवेना. घरी येऊन यंत्र काढले. इतक्या लोकांची नावे कोरली, कधी हात हलला नव्हता. या वेळी "सु"चा उकार थोडा लांबला. "सुनीता" एवढे कोरून मी थांबलो. पुढे "सदानंद धारप यांजकडून" घालायचा रिवाज आहे.

सुनीता दारात उभी होती. तिने परात हातात घेतली, कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवले.

"एवढंच?"

"पुढे माझं नाव घालू?"

"नको," ती म्हणाली. "एवढंच राहू दे." परात धुऊन तिने त्यात पीठ चाळायला घेतले. मी ओट्यावरचे दोन समोवार उचलून बाल्कनीत ठेवले. ती काही बोलली नाही, आणि या वेळी मी त्याचा कोणताही अर्थ काढला नाही.

वकिलांनी विचारले, या कलमात ही वस्तू तुम्ही कोणाला देता? मी म्हटले, कोणालाच नाही. मग ते म्हणाले की उल्लेख कशाला? उल्लेख अशासाठी, की तो नसेल तर सुयश तीही अंगणात मांडील आणि माझ्यासारखा कोणीतरी सकाळी सात वाजता येऊन घेऊन जाईल. या घरातली प्रत्येक वस्तू माझी आहे असे धरून वरची सगळी वाटणी केली आहे. सुनीताची परात तेवढी त्यातून वगळावी. ती माझी नव्हती, आणि तिचे काय करायचे हे लिहायचा मला अधिकार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि त्यातले काहीही खोडले नाही. खोडावेसे वाटले होते. यापूर्वी केलेले मृत्युपत्र असल्यास ते रद्द समजावे.

लिहून देणार:
सदानंद वासुदेव धारप (सही)

आम्हा दोघांच्या देखत सही केली:
१. अँजेला पीटर लोपीस (सही)
२. पीटर हॅन्सेल लोपीस (सही)

स्थळ: तुबली, बहरीन
दिनांक: शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५, सकाळी, सेलच्या वेळेत