चार बायांत बोललेलं

लासूर स्टेशन, ३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मंजुषास आजेसासू वच्छलाबाईचा आशीर्वाद. वि. वि. फोनवर तोंड उघडंना, म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंतची अक्षरं हायेत, निभावून घे.

तुझ्या डोहाळजेवणात तू नाव घेतलंस, मग शिवमनं घास द्यायचा. माझा नातू एका हातातल्या मोबाईलात बघत ऱ्हायला अन् पेढा तुझ्या गालाला लावला. बाया हसल्या. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, घरीबी रोज असंच, मी जेवताना भिंतीशी बोलते. तवा मी म्हणलं, कामाचा माणूस हाय, हिचेच नखरे लई. तू तशीच माहेरी गेलीस.

तुझे आजेसासरे साहेबराव रेडिओ कानाला लावून जेवायचे. भाजीत मीठ नाय टाकलं तरी कळायचं नाय. तीस वर्षं कुणाला सांगितलं नाय, लाज वाटायची. तू दोन वर्षांत सांगून टाकलंस, त्याचाच राग आला मला. माझं चुकलं. आता ये घरी.

मोठ्या मनानं घे.
वच्छलाबाई

हर्सूल, ९ फेब्रुवारी २०२५

ती. आजींस शि. सा. न. वि. वि. पत्र दोनदा वाचलं. मिठाचं वाचून आईनं हसू दाबलं. पण आजी, तुम्ही बोललात चार बायांत आणि चुकलं म्हणता बंद पाकिटात. हे रोज मेसेज करतात, सॉरी, पुढं लाल बदाम. त्या बदामाला मी काय उत्तर देऊ? मी येत नाही.

राग आहे, तसा लोभही आहे.
मंजुषा

लासूर स्टेशन, १७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मंजुषास आशीर्वाद. वि. वि. काल त्याच बाया चहाला बोलावल्या. शिवमला तुमच्या मुकुंदवाडीच्या घरून आणून मधी बसवला. म्हणलं, मंजुषा खरं बोलली. बेपर्वाई माझ्या नातवाची, अन् त्याची बाजू घेतली ती माझी चूक. रेडिओचंबी सांगितलं. आशाबाई म्हणाली, मेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढता. म्हणलं, माझीच काढतेय. पदर तोंडावर घ्यावा वाटला, घेतला नाय.

शिवम खाली मान घालून बसला होता. मला वाटलं, मेला मोबाईलच बघतोय. हात रिकामे होते. रडत होता. मी काय डोळे पुसले नाय.

आता ये म्हणत नाय. बाळंतपण आईकडंच उरक. रविवारी तो तिकडं येईल. घरात घ्यायचा का दारातून परत लावायचा, ते तू ठरव. परत लावलास तर त्याला जेवायला वाढीन, बाजू घेणार नाय.

लोभ मागायला अजून तोंड नाय.
वच्छलाबाई