बाजू बदलून भांडण

रविवार, ४ फेब्रुवारी

पुन्हा तेच! दादा जेवायला आला आणि वरण वाढायच्या आत मामंजींशी जुंपली. माझा भाऊ कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, माझे सासरे जन्मभर घरांचे नकाशे काढत आले. दोघांना एका टेबलावर बसवणं म्हणजे आगीशेजारी कापूस ठेवणं.

मामंजी — "नकाशाशिवाय कोंबड्यांचं खुराडं उभं राहत नाही, आणि माणूस आपोआप उभा राहिला?"

दादा — "आपोआप नाही हो! किती वेळा सांगू?"

मग आवाज चढले. नवरा ताट घेऊन बाल्कनीत पळाला. दादाचं शेवटचं वाक्य ठरलेलं — "मी मोकळ्या मनाचा माणूस आहे, पण समोरच्यानं ऐकायला नको?" हे तो मामंजींचं वाक्य मध्येच तोडून म्हणाला!

सोमवार, ५ फेब्रुवारी

सुचलं! आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा चर्चा असते, विषय मीच ठरवते. या वेळी दोघांना स्टेजवर चढवते. पण बाजू बदलून! दादानं सृष्टी देवानं घडवली असं पटवायचं, मामंजींनी उत्क्रांती. जो हरेल त्यानं एक पूर्ण संध्याकाळ दुसऱ्याचं म्हणणं तोंड मिटून ऐकायचं.

दोघं हो म्हणाले. इतक्या लवकर, की मलाच धास्ती वाटली.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

मामंजी आज वाचनालयात आले आणि माझ्यासमोर पुस्तकांची चळत ठेवली. सगळी उत्क्रांतीची! मी शिक्का मारायला घेतला तर हळूच म्हणाले, "सूनबाई, वर एखादं स्वयंपाकाचं ठेव. रस्त्यात ओळखीचे भेटतात."

दादाला फोन केला. तयारी?

"कसली तयारी, चिमणे? त्यांचं सगळं मला पाठ आहे. दहा मिनिटांचं काम."

बरं!

बुधवार, १४ फेब्रुवारी

मामंजींचा चहा तिसऱ्यांदा गार झाला. पुस्तकातून डोकं वर काढलं आणि विचारलं, "जिराफाची मान बघितली आहेस कधी? आतून?"

नाही बाई. आतून नाही.

शनिवार, १७ फेब्रुवारी

काय झालं आज! अजून हसतेय.

आधी दादा. उठला, डोळे मिटले, हात जोडले आणि नाकातून बोलायला लागला — "मला कळत नाही, म्हणून देवानं केलं! प्रश्न विचारू नका, पाप लागेल!" लोक हसले. मीही हसले. मग मामंजींकडे लक्ष गेलं. ते आपल्या बुटांकडे बघत होते.

पहिल्या रांगेतल्या निवृत्त नर्सबाई उभ्या राहिल्या. "सर, तुम्ही यांचं म्हणणं मांडलंत, की यांची नक्कल केलीत?"

दादा म्हणाला, "म्हणजे... थोडक्यात..." आणि खाली बसला.

मग मामंजी. फळ्यावर भराभर जिराफ काढला. काय सुरेख रेषा! "ही नस बघा. मेंदूतून निघते, गळ्यातल्या स्वरयंत्राला जायची आहे. वीतभर अंतर. पण ती खाली छातीत जाते, वळसा घालते आणि सगळी मान चढून परत येते. शेजारच्या खोलीतल्या दिव्याची तार मी तळघरातून फिरवून आणली असती, तर मालकानं मला हाकललं असतं!"

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी.

"जेवण आणि हवा एकाच दारातून! घास अडकून माणूस मरतो. हा एका बैठकीत काढलेला नकाशा नाही. हे जुनं घर आहे. एकानं भिंत पाडली, दुसऱ्यानं जिना घुसवला, आणि पाया मात्र कुणालाच उकरता आला नाही, कारण माणसं आत राहतच होती. अशी घरं मी आयुष्यभर बघितली. ती कुणी एकानं बांधलेली नसतात. ती होत गेलेली असतात."

दादाच्या बाजूनं किती हात वर झाले, ते लिहीत नाही. शेवटी भाऊ आहे.

तो बाहेर पडताना पुटपुटला, "मी वर्गात इतकं चांगलं कधी शिकवलं नाही."

रविवार, १८ फेब्रुवारी

शिक्षा! दादा वेळेवर आला. त्याचा भरवसा नाही म्हणून मी त्याच्या तोंडात एक चिकट टॉफी कोंबली. दातांना धरून बसते ती.

मामंजी नकाशांबद्दल बोलतील असं वाटलं होतं. ते सासूबाईंबद्दल बोलले. दवाखान्यातले शेवटचे दिवस. स्वतःला कूस बदलता येत नव्हती, पण शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचं पांघरूण घसरलं की हात लांबवून नीट करायच्या.

"नसा कशाही धावोत," मामंजी म्हणाले. "पण तो हात कुणीतरी मनापासून घडवला होता. तो उगाच घडलाय, असं मला म्हणवत नाही. एवढंच आहे माझं सगळं म्हणणं."

दादानं तोंड उघडलं. टॉफी केव्हाच संपली होती. परत मिटलं.

जाताना बूट घालत म्हणाला, "हे मला माहीतच नव्हतं."

"विचारलंस कधी?"

त्यानं बांधलेली नाडी सोडून परत बांधली. दादा! आणि गप्प! मी स्वतःवर बेहद्द खूश आहे. एका दगडात दोन पक्षी, आणि दोन्ही जिवंत.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

मामंजी आज रोजच्या प्रार्थनेला बसले नाहीत. कालही नाही, परवाही नाही. मी आपली मिरवत होते, माझ्या लक्षातच आलं नाही. बरं नाही का, म्हणून विचारलं.

खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "जिंकलो ना मी, सूनबाई."

मी लगेच दादाला फोन केला. वाटलं, उड्या मारेल. तो म्हणाला,

"त्यांना सांग, एवढ्यात काही ठरवू नका. मी येतोय. त्यांच्या बाजूनं भांडायला — आणि या वेळी तयारी करून."