रणबायांची खोळ

चैत्र व. ४, रविवार
नेकनूरच्या बाजारातून आले: गोडे तेल पाव लिटर ५०, शेंदूर ४०, खण १२०, विळा १५० (दोनशे सांगत होता). सगळे रणबायांच्या शिळेसाठी. वैशाखातल्या पहिल्या मंगळवारी आमच्या नव्या सुनेची, अश्विनीची, तिथे पहिली ओटी. ओटीतला विळा मग जन्मभर तिचा. पूर्वी गावावर धाड आली तेव्हा ह्या रणबाया वेशीत विळे घेऊन उभ्या राहिल्या, त्यांचा हा मान. बायांनो, निभावून न्या.

व. ५, सोमवार
नव्या ओट्यावर शिळा बसली. ओटा बांधेपर्यंत ती तात्याभाऊजींच्या (ह्यांचे धाकटे चुलतभाऊ) गोठ्यात होती. आज आम्ही न्हाऊ घातली. पुरुष रीतीप्रमाणे पाठ करून उभे. तेलाचा हात फिरवला अन् थबकले. शिळा लई बारीक. आधी कवेत मावत नव्हती, आज मावली. बोटांना कोरलेल्या बाया दोनच लागल्या.
जाऊबाई, तात्याभाऊजींची बायको, म्हणे, "अहो अक्का, उचलताना शेंदराची खोळ निघाली. पिढ्यांचा थर तो. नदीत सोडली ह्यांनी."
खोळ निघाली तर गाव बोलवायचे, बायांनी वाजतगाजत न्यायची. गुपचूप कावून?

व. ७, बुधवार
मागे जीपमधून दोघे आले होते, शिळेचे फोटो काढले, चहा तात्याभाऊजींकडे. जुन्या दगडाला म्हणे शहरात गिऱ्हाईक असते.
ह्यांना सांगितले. "तू काय बायांच्या अंगाची मापं घेती का? तात्यानं पदरचं सिमेंट घातलंय ओट्याला. गप बस."
पदरचे घातले, म्हणूनच तर...

व. ८, गुरुवार
नदीवर जाऊन आले. चैत्रात आमच्या नदीला पाणी कुठले? एक डबके, त्यात म्हशी. येताना भाऊजी भेटले. विचारले.
"मग बंधाऱ्यात सोडली आसंल, वहिनी. गडी घेऊन गेलता. तुमाला काय करायचंय?"
"आसंल" म्हणे. हसले पण नजर दिली न्हाई. उगाच पाप तर येत न्हाई ना माझ्या मनात? देवा, तूच बघ.

व. १०, शनिवार
अश्विनीला मनातले सांगितले. भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, शिळा खोटी असली तर माझी ओटी कुणाला पोचंल?"  पहिली ओटी दुसऱ्यांदा भरता येत न्हाई.
उघडी शिळा पाहिलेले गावात कुणी उरले न्हाई. पाटोद्याच्या गंगाआत्याबाई, ह्यांच्या आत्या, तेवढ्या आहेत. त्यांच्या लहानपणी एकदा खोळ निघाली होती. फोनवर ऐकू येत न्हाई त्यांना. जायचे तर हे विचारतील कशाला. म्हणून पत्र. कार्ड नको, पाकीट. पोस्टमनची अन् भाऊजींची बैठक रोजची.
लिहिले ते असे:
"ती. आत्याबाईंस सा. न. आपल्या रणबाया उघड्या शिळेवर किती होत्या? कुणाच्या हातात काय? नातीकडून पत्र वाचून घ्यावे, बाकी कुणाजवळ बोलू नये. अश्विनीची ओटी तोंडावर आली आहे. दोन ओळी का होईना, उलट टपाली, पाकिटातूनच कळवावे."