कॉम्प्युटरवर शिकलेली पोरगी

सिस्टर, तुम्हाला सांगितलं तर हसाल. आता तान्ह्या बाळाला श्वास कसा द्यायचा ते कॉम्प्युटरवर शिकवतात. आमच्या विरारच्या प्रसूतिगृहात एक नवी नर्स आलीय, मनवेलपाड्याची. सायबर कॅफेत बसून तिने नवजात बाळांचा कोर्स केला, आणि डॉक्टरांनी तिचं रंगीत सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं. मी तुमच्या हाताखाली दोन वर्षं राबले, माझ्यासाठी कुणी खिळासुद्धा ठोकला नाही. जळते मी तिच्यावर. सरळ सांगते.

"सिंपल असतं हो ताई," ती म्हणते. "नाही कळलं तर व्हिडिओ परत लावायचा." परत! आम्ही दुसऱ्यांदा विचारलं की तुम्ही म्हणायचात, "कान सांडोरला ठेवून आलीस का गं?" आणि मी सांडोरहून सायकल मारत आलेली, घामाघूम. वर जन्मल्या जन्मल्या बाळाला न्हाऊ घालायचं नाही, ते गार पडतं, हेही तिनेच मला ऐकवलं. तुम्ही तर लगेच न्हाऊ घालायला शिकवलं होतंत. मी भांडले. डॉक्टर म्हणाले, तिचं बरोबर आहे. इतकं लागलं मला! चूक तुमची काढली तिने, आणि उत्तर द्यायला तुम्ही नाही.

परवा सकाळी एक बाळ रडलंच नाही. निळसर, अंग सैल. ती पुढे झाली. पुसलं, पाठ चोळली, मान नीट ठेवली, सगळं क्रमाने, तोंडपाठ. पण तोंडावर मास्क धरून हवेची पिशवी दाबली तरी छाती हलेना. मास्क खाली दाबत होती बया. तुम्ही सरावाच्या बाहुलीवर माझी बोटं दुखेपर्यंत धरून ओरडायचात, "बाळाचं तोंड आहे ते, पिठाचा डबा नाही! हनुवटी वर घे." मी तिच्या हातावर हात ठेवला, हनुवटी उचलली. छाती वर आली. थोड्या वेळाने बाळाने असा टाहो फोडला की बाहेर त्याची आजीच रडायला लागली.

"ताई, तुम्ही होतात म्हणून वाचलं," म्हणत पोरगी माझ्या गळ्यात पडली. डॉक्टरही शाबास म्हणाले. मी मास्क धुवायला घेतला.

हे पत्र टाकणार कुठे? तुम्हाला निर्मळच्या मातीत ठेवून बारा वर्षं झाली. पण कुणाला तरी सांगायला हवं. मास्कमधून हवा निसटल्याचा आवाज मला पहिल्या दाबालाच ऐकू आला होता. तरी मी हात मागे बांधून उभी राहिले, तिची फजिती सगळ्यांना दिसावी म्हणून. तीनदा दाबू दिलं मी तिला, सिस्टर.