घरातलं बोलणं लिहून घेण्याचा उद्योग

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला थांबला का? आमचं म्हणशील तर आम्ही सगळे ठणठणीत आहोत आणि कुणी कुणाशी बोलत नाही.

टिल्लीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं खूळ माझं, हे तू जाणतेसच (तेव्हा तू मला वेड्यात काढलं होतंस, तेही मी विसरलेलो नाही). पुढच्या खोलीत मी चष्म्याच्या काचा घासतो, समोरच्या खुर्चीवर लेक अभ्यास करते, असं आमचं छान चाललं होतं. आता तिच्या आईने बजावलंय, की पुढच्या आठवड्यात शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई येतील तेव्हा पोरीला संवाद नीट लिहिता आला नाही, तर रवानगी थेट शाळेत. आणि मलाच त्यातलं काही उमगत नाही गं! एका पुस्तकात स्वल्पविराम अवतरणचिन्हाच्या आत, दुसऱ्यात बाहेर, तिसऱ्यात नुसतीच आडवी रेघ. खरं कोणाचं धरायचं?

म्हणून मी डोकं लढवलं. घरातलं बोलणं ऐकायचं आणि तस्संच लिहायचं. पहिला मान आपल्या आईचा. आई म्हणाली, की शेजारीण सांगत होती, की डॉक्टर म्हणाले, की तिचा नवरा म्हणतो, की त्याला काहीच झालेलं नाही. टिल्ली चिन्हं उघडत गेली. मिटायची वेळ आली तेव्हा कुणाचं तोंड कधी उघडलं होतं हेच आम्हाला आठवेना. मग आम्हा नवरा-बायकोची पाळी. आम्ही दोघं एकाच वेळी बोलतो (हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं). कुणाचं वाक्य कुठे संपलं यावरून आमचं पुन्हा वाजलं, तेही पोरीने लिहून घेतलं आणि जेवताना सगळ्यांना खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. तेव्हापासून आई खुणेने पाणी मागते, आणि ही बोललीच तर नोटीस वाचल्यासारखं बोलते. लिहायला घरात शब्द उरलेला नाही.

तुझा,
गोंधळलेला धाकटा

ता. क. – मुद्द्याचं राहिलंच. पत्र मिळताच निघून ये. लहानपणी भांडायचीस तशी माझ्याशी कडाकडा भांड, फक्त माझं वाक्य संपेपर्यंत थांब. पोरीला लिहायला काहीतरी हवं.

आणखी एक – पाकीट चिकटवणार तोच टिल्लीने कागद आणून दिला. त्यावर एवढंच आहे.

"बाबा, मला शाळेत जायचंय. तिथे सगळे बोलतात," टिल्ली म्हणाली.

पहिल्या पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर आहे. दुसऱ्यावरून चूक काढता आली असती. ते पुस्तक मी कपाटात ठेवून दिलं. तू मात्र ये गं ताई. टिल्ली शाळेत गेल्यावर समोरची ती खुर्ची रिकामी बघत काचा घासायला मला जमणार नाही.