प्रकाशाला दृष्ट लागते

४ जून २००१, सोमवार
शाळेच्या लॅबमध्ये हंगामी मदतनीस घ्यायचाय. पंधरा तारखेला हेडसरांपुढे एक प्रयोग करायचा, समजावून सांगायचा. जमलं तर नोकरी. नाही तर नारायणगावच्या बाजारात संपतदादाबरोबर टोमॅटोचे क्रेट. पण मला जमणारच. बारावी सायन्सला दीड वर्ष बसलोय.

संध्याकाळी
काचेवर चिमणीची काजळी धरली. दोन ब्लेड जोडून ओढली, शेजारी शेजारी दोन फटी. जत्रेतला लेसर मारला. भिंतीवर चौदा पट्टे! लाल, काळा, लाल, काळा. उजेडात उजेड मिळवला की अंधार! दोन तास लेसर चालू ठेवून बघत बसलो.

७ जून
रद्दीतल्या मासिकात सापडलं : प्रकाश कोणत्या फटीतून गेला ते बघायला गेलं की पट्टे जातात. पुढचं पान फाटलेलं. गरज नाही, अर्थ लागला. प्रकाशाला दृष्ट लागते. लगेच आईला दाखवलं, पट्टे फिके. आई म्हणाली, माझी कशी लागंल रं दृष्ट? मी चष्मा बी न्हाई लावला.

९ जून
जुन्नर. जुबेरच्या घड्याळाच्या दुकानात दाखवलं. काहीच नाही. म्हणे, सेल उतरलाय राव, अन् काजळी बोटांनी पुसलीस. हसलो. घड्याळवाल्याला सगळं सेलवरच चालतं असं वाटतं.

१२ जून
तालीम. पण मी बघितलं तर बिघडणार. म्हणून भिंतीकडे पाठ करून लेसर मारला. सहा वेळा. सहाही वेळा पट्टे आले असणार. उरलेला दिवस मोकळा, आण्याच्या पठारावर मोर बघायला गेलो. दिसले नाहीत. नियम सगळीकडे लागू.

१५ जून, सकाळी ८
आई मीठ-मिरच्या घेऊन आली. म्हटलं, माझ्यावरून नको, काचेवरून ओवाळ. येडं का खुळं म्हणाली, पण ओवाळल्या. नेमणुकीच्या पत्रासाठी फाईल घेतली.

दुपारी
हेडसर आणि दुसरी उमेदवार अश्विनी, दोघांना भिंतीकडे पाठ करायला लावली. लेसर दाबला. पट्टे आले, असं जाहीर केलं. सर म्हणाले, कुणी बघितले? म्हटलं, कुणीच नाही सर, म्हणून तर आले.
सर वळले. भिंतीवर नुसती भिंत.
मग अश्विनीची पाळी. तिने माझाच लेसर घेतला, सेल बदलले, नवी काच काजळली. पट्टे! सर, शिपाई, खिडकीतली पोरं, सगळे डोळे फाडून बघत होते. एक पट्टा हलला नाही. ती म्हणाली, भिंतीकडं कितीबी बघा सर. फटीपाशीच प्रकाशाला गाठून विचारलं, तू कुठून चाललास, तरच पट्टे जातात. सर म्हणाले, सोमवारपासून ये.
मी फाईल घेऊन आलो.

१६ जून, सकाळी ६
नारायणगाव. क्रेट वीस किलोचा. संपतदादाला म्हटलं, तू बघू नकोस, मग उचलतो. बिचाऱ्याने पाठ केली. थोड्या वेळाने वळला.
क्रेट जागेवरच.